धावायला पैसे कुठे लागतात?

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या रस्त्यांवर दोन तऱ्हेची गर्दी दिसू लागते. पहिली ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची. भांडीकुंडी, गोधड्या, कोयते, एखादी शेळी आणि कडेवरची लेकरं घेऊन ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चैत्रापर्यंत, गावं अर्धी रिकामी होतात. दुसरी गर्दी पहाटेची. पोलीस-सैन्य भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी साडेचार-पाचला डांबरी सडकेवर उतरतात. डोक्याला रुमाल, हातात मोबाइलचा टॉर्च, कुणाच्या पायात कॅनव्हासचे बूट तर कुणाच्या पायात काहीच नाही. आष्टी असो, पाटोदा असो, शिरूर कासार असो की धारूर, ‘सोळाशे’ मीटर किती मिनिटांत बसले हाच तिथला विषय असतो.

या दोन्ही गर्द्या एकाच घरातून निघालेल्या असतात. आई-बाप फडावर आणि पोरगं सडकेवर, हे चित्र या जिल्ह्यात नवं नाही. ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन सहा महिने कोयता चालवायचा नसेल तर अंगावर वर्दी चढली पाहिजे, हे तिथल्या पोरांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. आणि धावायला पैसे कुठे लागतात, असं सगळेच म्हणतात. क्रिकेटला किट लागतं, पोहायला तलाव लागतो, नेमबाजीला बंदूक लागते. धावायला दोन पाय आणि एक रस्ता पुरतो.

हे म्हणणं कितपत खरं आहे, ते तपासायला बीड जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही. कारण भारताने आजवर पाहिलेला सर्वांत वेगवान स्टीपलचेस धावपटू याच जिल्ह्यातला आहे.

आष्टी तालुक्यातलं मांडवा हे अविनाश मुकुंद साबळे याचं गाव. जन्म १३ सप्टेंबर १९९४. कोरडवाहू शेती, आई-वडिलांची वीटभट्टीवरची मजुरी आणि सहा-सात किलोमीटरवरची शाळा. गाडीची सोय नव्हती, म्हणून तो शाळेत चालत किंवा पळत जायचा. अविनाशची गोष्ट सांगताना बहुतेक जण इथे थांबतात आणि ‘बघा, शाळेच्या वाटेनं ऑलिम्पिकला पोचला’ असं म्हणून मोकळे होतात. पण त्या काळात मराठवाड्यातली हजारो मुलं रोज तेवढंच चालत होती. शाळेच्या वाटेनं पाय घट्ट झाले असतील, धावपटू मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी घडला.

बारावीनंतर अविनाश सैन्यात गेला, ५ महार रेजिमेंटमध्ये. नोकरी हवी होती, पदक डोक्यातही नव्हतं. सियाचीनचा बर्फ झाला, राजस्थानचं वाळवंट झालं, सिक्कीम झालं. २०१५ च्या सुमारास तो सैन्यांतर्गत क्रॉस कंट्री स्पर्धेत उतरला आणि तिथून धावणं गंभीरपणे सुरू झालं. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. केनियातली पोरं या वयात जागतिक स्पर्धा जिंकून बसलेली असतात. मध्ये दुखापत झाली, वजन ७६ किलोपर्यंत गेलं. ते त्याने सुमारे २० किलोंनी उतरवलं. सैन्याचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याच्यातली चिकाटी हेरली आणि २०१७ मध्ये त्याला स्टीपलचेसकडे वळवलं.

स्टीपलचेस म्हणजे ३००० मीटरची अडथळ्यांची शर्यत. २८ अडथळे आणि पाण्याच्या ७ उड्या. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर. साध्या हर्डलसारखा तो पाय लागला की पडत नाही. जाड लाकडी तुळईच ती, धडकलं तर माणूस पडतो. साडेसात फेऱ्यांत ३५ वेळा लय मोडते आणि ३५ वेळा ती पुन्हा धरावी लागते. दम तर लागतोच, पण विस्कटलेला श्वास सावरून परत वेग पकडायची सवय त्याहून जास्त लागते.

या प्रकारातला भारताचा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून गोपाल सैनी यांच्या नावावर होता, ८ मिनिटं ३०.८८ सेकंदांचा. ३७ वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरला अविनाशने तो मोडला : ८ मिनिटं २९.८० सेकंद. खरी गंमत पुढे आहे. देशात त्याच्या जवळपास पळणारा कुणी उरला नाही. पहिल्या काही फेऱ्यांनंतर तो एकटा पुढे आणि बाकीचे पार मागे, अशा कितीतरी शर्यती झाल्या. बरोबरीला कुणी नसताना पाय उचलत ठेवणं हे कुठल्याही लांब पल्ल्याच्या खेळाडूचं सर्वांत अवघड काम. अविनाशपुढे स्पर्धक म्हणून घड्याळ होतं आणि स्वतःचाच मागचा आकडा होता. २०१९ मध्ये पतियाळात ८:२८.९४. त्याच वर्षी दोहाच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत दुसऱ्याच्या पडण्यामुळे त्याला अडथळा झाला, भारताने दाद मागितली, त्याला अंतिम फेरीत घेतलं गेलं आणि तिथे ८:२१.३७ अशी वेळ देऊन त्याने टोकियो ऑलिम्पिकची पात्रता मिळवली. टोकियोत ८:१८.१२. नवा राष्ट्रीय विक्रम झाला आणि तरीही अंतिम फेरी हुकली. २०२२ मध्ये रबातला ८:१२.४८. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१.

२९.८० पासून ९.९१ पर्यंत. सहा वर्षांत जेमतेम वीस सेकंद. एवढ्यासाठी एक माणूस वर्षानुवर्षं पहाटे उठतो, आणि ‘टिकून राहायचं कसं’ या प्रश्नाचं उत्तर या आकड्यांतच मिळतं. अविनाशच्या प्रत्येक पायरीला पुढची पायरी जवळ होती. दोन सेकंद, चार सेकंद, एक पात्रता वेळ. ‘ऑलिम्पिक पदक’ एवढंच ध्येय भिंतीवर लिहून ठेवलं असतं तर भुवनेश्वर ते पॅरिस हे अंतर कापायला मन पुरलं असतं का, शंका आहे.

६ ऑगस्ट २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या मागे अवघ्या पाच शतांश सेकंदांनी राहिला. किबिवोट ८:११.१५, अविनाश ८:११.२०. १९९८ पासून या स्पर्धेत स्टीपलचेसची तिन्ही पदकं दरवेळी केनियालाच जात होती. ती रांग मांडव्याच्या पोराने मोडली. पुढच्या वर्षी १ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि पाठोपाठ ५००० मीटरमध्ये रौप्य. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय ठरला आणि अकरावा आला.

आता पैशाचा हिशोब करू. या सगळ्यात ‘धावायला पैसे लागत नाहीत’ हे किती वेळ खरं होतं? वयाच्या विसाव्या-एकविसाव्या वर्षापर्यंत. त्यानंतर सैन्याने त्याला दोन वेळचं भरपेट जेवण दिलं, पगार दिला, सरावाला वेळ दिला, प्रशिक्षक दिला, डॉक्टर दिला. पुढे राष्ट्रीय शिबिरं आली, २०२२ पासून अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या उंचीवर स्कॉट सिमन्स यांच्याकडचा सराव आला. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोत पाण्याच्या उडीवर तो पडला, गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली, टोकियोची जागतिक स्पर्धा गेली. अशा वेळी ज्याच्या मागे संस्था उभी नाही त्याचा खेळ तिथेच संपतो. गरिबीने अविनाशला घडवलं असं म्हणणं त्याच्यावर आणि त्याच्या गावावरही अन्याय आहे. गरिबीने त्याला अडवून धरलं होतं. सैन्याची खानावळ आणि महिन्याचा पगार मिळाल्यावर तो सुटला.

पण प्रत्येकाच्या वाट्याला सैन्य येत नाही. सडकेवरच्या त्या पोरांचं काय?

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर धावणे २० गुणांचं, १०० मीटर १५ आणि गोळाफेक १५. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. बीड, लातूर, परभणी भागातल्या ‘अकॅडम्या’ या तीन ओळींवर उभ्या आहेत. ‘ग्राउंड निघालं पाहिजे’ हा तिथला परवलीचा शब्द. भरतीच्या या तयारीने खेड्यातल्या पोरांना जे दिलं ते कुठल्याही क्रीडा योजनेने क्वचितच दिलं असेल : ठरलेली वेळ, बरोबरीचे सोबती आणि मोजता येणारं उद्दिष्ट. थंडीत पांघरूण टाकून उठायचं ते मित्र दारात येऊन शीळ घालतो म्हणून. आज ५ मिनिटं ४०, महिन्याने ५:२५, मग ५:१५. वहीत तारीख आणि टायमिंग लिहिलं जातं. फुकटात मिळणारी ही साधनं जगातल्या महागड्या प्रशिक्षकांनाही चुकलेली नाहीत.

अडचण पुढे आहे. भरती झाली की धावणं थांबतं, आणि वय उलटून भरती हुकली तरीही थांबतं. चार फेऱ्यांच्या पुढे काय असतं ते त्या पोरांना कुणी दाखवतच नाही. ज्या पोराचं १६०० चांगलं बसतं त्याचं ३००० किती बसेल, ५००० किती बसेल, हे बघायला जवळपास स्पर्धाच नसते. शहरातल्या मॅरेथॉनची प्रवेश फी, एसटीचं भाडं आणि रात्रीचा मुक्काम मिळून जी रक्कम होते ती घरात तेलाच्या डब्याला लागलेली असते. कितीतरी चांगले पाय असे सोळाशे मीटरवरच संपतात. या जिल्ह्याचं हे फार मोठं नुकसान आहे आणि ते कुठल्याही नोंदवहीत येत नाही.

लांब पल्ल्याला टिकायचं कसं, हे या मातीला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही. पैठणहून निघणारी एकनाथांची पालखी शिरूर कासार, पाटोद्याच्या वाटेने पंढरीला जाते. मुक्ताईनगरहून येणारी मुक्ताबाईंची पालखी महिनाभर चालत बीडवरून पुढे जाते. त्यात सत्तरीतल्या म्हाताऱ्या असतात, पायात साध्या चपला असतात. कुणी पंढरपूर किती किलोमीटर राहिलं ते मोजत बसत नाही, आजचा मुक्काम कुठे एवढंच विचारतात. दिंडीत जागा ठरलेली, चालीला ताल ठरलेला, एक बसला तर दुसरा उठवतो. एकट्याने चालायला निघालेला माणूस तिसऱ्या दिवशी माघारी फिरेल अशी वाट हजारो माणसं दरवर्षी पूर्ण करतात. धावण्याच्या गटालाही नेमकं हेच लागतं.

खाण्याचा प्रश्न सोबतीच्या प्रश्नाहून गंभीर आहे, आणि तो मनाच्या प्रश्नाला चिकटलेला आहे. ‘मन लागेना’, ‘पाय उचलेना’ असं जे पोरगं म्हणतं, ते पुष्कळदा उपाशी असतं. सकाळी चहा-बटर खाऊन दहा किलोमीटर पळणाऱ्याची जिद्द तीन आठवड्यांत संपणारच. सुदैवाने इथलं साधं जेवण लांब पल्ल्याला फार चांगलं आहे. ज्वारीची भाकरी म्हणजे हळूहळू सुटणारी ताकद. १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, कोरड्या हरभऱ्यात २० च्या आसपास. रात्री मूठभर हरभरे आणि शेंगदाणे भिजत घालायचे, सराव झाला की गुळाच्या खड्याबरोबर खायचे, जमलं तर दोन अंडी. डब्यातल्या महाग पावडरीची जाहिरात बघून बापाकडे पैसे मागायची गरज नाही. घाम गेल्यावर प्यायचं पाणीही घरी होतं : एक लिटर पाणी, सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हवं तर लिंबू पिळायचं. जुलाबात लेकरांना देतात तेच हे पाणी.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अंगात रक्त कमी असलेली मुलगी ८०० मीटरला धापा टाकते आणि सगळे म्हणतात, हिच्यात दम नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून मिळतं. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती पुष्कळ जणी दप्तरातच ठेवतात. सराव सुरू करण्याआधी ही एक तपासणी प्रत्येक मार्गदर्शकाने करून घेतली तर किती मुली मैदानावर टिकतील!

आणि मुली टिकतात तेव्हा काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य घेऊन आली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवर ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. बीडच्या शेजारच्या परभणीत राहून सराव करणारी ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. आष्टी आणि माण हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले, टँकरची वाट बघणारे. दोघांनीही देशाला स्टीपलचेसचा ऑलिम्पिक अंतिम फेरीतला धावपटू दिला, ही नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

बुटांबद्दल बोलायचं राहिलं. अनवाणी धावण्याचा आपल्याकडे फार गौरव होतो. त्याला इतिहासही आहे. १९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत खेड्यापाड्यातले अनवाणी धावपटू बघून सर दोराबजी टाटांनी भारताचा संघ ऑलिम्पिकला पाठवायचं मनावर घेतलं. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० मध्ये अँटवर्पला मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांत पूर्ण करून एकोणिसावे आले. १९६० मध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने रोमच्या दगडी रस्त्यांवर अनवाणी धावून सुवर्ण जिंकलं. पण चार वर्षांनी टोकियोत त्याने बूट घालूनच पुन्हा सुवर्ण जिंकलं, हे कुणी फारसं सांगत नाही. डांबरी सडकेवर रोज अनवाणी किंवा फाटक्या कॅनव्हासमध्ये पळणाऱ्या पोराच्या नळीचं हाड दुखू लागतं. महिनाभर तो ते लपवतो, मग हाडाला चीर पडते आणि भरतीचं वर्ष जातं. वीस हजारांच्या घरातले कार्बन प्लेटचे बूट कुणालाच नकोत. पण हजार-दीड हजाराची मऊ तळाची जोडी, आणि ती मिळेपर्यंत डांबर सोडून मुरमाच्या गाडीवाटेने किंवा कॅनॉलच्या कडेने धावणं, ही चैन म्हणता येणार नाही. काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही हे ज्याला कळतं तोच या खेळात दहा वर्षं राहतो.

शेवटची अडचण हंगामाची. लांब पल्ल्याचा पाया घालायचे उत्तम महिने म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नेमके तेच महिने ऊसतोडीचे. जी मुलं आई-बापाबरोबर फडावर जातात त्यांची शाळाही सुटते आणि मैदानही. जी हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, त्यांच्याकडे मात्र रिकामी पहाट आणि रिकामी संध्याकाळ असते. सहा महिने आई-बापाविना काढणाऱ्या त्या लेकरांना रोज संध्याकाळी तासभर कुणीतरी नाव घेऊन हाक मारणारं मैदान मिळालं, तर ते पदकाच्या कितीतरी आधी उपयोगाला येईल.

त्याला खर्च किती? जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळांना ४०० मीटरचा ट्रॅक बसेल एवढी जागा नसते, पण २०० मीटरचा बसतो. ८२ मीटर लांब आणि ३२ मीटर रुंद जागा पुरते. मधोमध ५० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकायच्या. प्रत्येक खुंटीला १५ मीटर ९२ सेंटीमीटर लांबीची दोरी बांधून बाहेरच्या बाजूला अर्धवर्तुळ फिरवायचं, दोन्ही अर्धवर्तुळं सरळ रेषांनी जोडायची आणि त्यावर चुन्याची फक्की मारायची. आठ फेऱ्या म्हणजे १६००, पंधरा म्हणजे ३०००, पंचवीस म्हणजे ५०००. खडे वेचायला गावातली पोरं पुरतात, खड्डे बुजवायला एक ट्रॉली मुरूम लागतो. एक स्टॉपवॉच आणि एक वही.

दिवाळीला गावाकडे जाणं होईलच. ज्या शाळेत शिकलात तिच्या मैदानावर एक सकाळ द्या, दोरी आणि फक्की घेऊन जा. २६ जानेवारीला तिथे ३००० आणि ५००० मीटरची शर्यत लावा, प्रवेश फी न घेता, मुलांची आणि मुलींची. बक्षिसाला ढाल-करंडक आणू नका, पायाच्या मापाचे बूट आणा.